अंतःस्रावी ग्रंथी, संप्रेरके व त्यांचे विकार : अवटू ग्रंथी आणि आयोडीनन्यूनता यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

मानवी शरीरातील निरनिराळ्या अवयवांच्या कार्यात सुसूत्रता राखण्याचे काम दोन यंत्रणांकडे असते. त्यांपैकी एक मज्जासंस्था व दुसरी अंतःस्रावी संस्था होय. मज्जासंस्थेचा संदेश तंतूंतून आवेगाच्या रूपाने धावतो, क्षणार्धात पोहोचतो आणि तितक्याच लवकर विरून जातो. अंतःस्रावी संस्थेचा संदेश रासायनिक असतो. तो रक्तातून सर्व शरीरभर हिंडतो, परंतु ज्या पेशींजवळ तो वाचण्याची सोय आहे त्याच पेशी त्याला प्रतिसाद देतात. ही सोय म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर किंवा अंतर्भागात असणारे विशिष्ट ग्राही रेणू होत. लाळग्रंथी किंवा स्वेदग्रंथी यांचा स्राव वाहिनीतून ठरावीक जागी पोहोचतो. अंतःस्रावी ग्रंथींना अशी वाहिनी नसते, म्हणून त्यांना वाहिनीविहीन ग्रंथी असेही म्हणतात. त्यांच्या स्रावांना मराठीत संप्रेरके अशी संज्ञा आहे.

कनिष्ठ महाविद्यालयापासून या विषयाची ओळख विद्यार्थ्यांना एका तक्त्याच्या रूपाने होते. ग्रंथीचे नाव, संप्रेरकाचे नाव, कार्य, न्यूनतेमुळे होणारा विकार आणि आधिक्यामुळे होणारा विकार असे पाच रकाने पाठ केले की प्रकरण संपते. या तक्त्यात चूक काही नाही; तथापि त्यातून ग्रंथींचे परस्परसंबंध दिसत नाहीत आणि हे विकार ज्या समाजात व ज्या भूमीवर घडतात त्यांचाही पत्ता लागत नाही. प्रस्तुत लेखात अंतःस्रावी संस्थेची सर्वसाधारण ओळख करून देऊन अवटू म्हणजे थायरॉईड ग्रंथीचा व तिच्याशी निगडित आयोडीनच्या प्रश्नाचा विस्ताराने विचार केला आहे. शरीरशास्त्र, रसायनशास्त्र, भूगोल, कायदा आणि स्वयंपाकघर ही सारी क्षेत्रे एकत्र येतील असे दुसरे उदाहरण या विषयात क्वचितच सापडेल.

संकल्पनेचा उगम

१८४९ मध्ये गॉटिंगेन येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ बर्थोल्ड यांनी कोंबड्यांवर एक साधा प्रयोग केला. वृषण काढून टाकलेल्या कोंबड्याचा तुरा खुरटतो, तो आरवत नाही व झुंजतही नाही. परंतु काढलेले वृषण त्याच्याच उदरात दुसऱ्या जागी रोवले असता तो पुन्हा पूर्ववत कोंबड्यासारखा वागू लागतो, असे त्यांना आढळले. रोवलेल्या अवयवाचा मूळच्या मज्जातंतूंशी काहीच संबंध उरलेला नव्हता. त्याअर्थी जो परिणाम होत होता तो रक्तामार्फतच होत असला पाहिजे. या प्रयोगाकडे पुढे पन्नास वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

१९०२ मध्ये लंडन येथे बेलिस व स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका भागाचे सर्व मज्जातंतू छेदून त्यात आम्ल सोडले, तरीही स्वादुपिंडातून पाचक रस वाहू लागला. आतड्याच्या अस्तराचा अर्क रक्तात टोचला असताही तेच घडले. या अर्कातील पदार्थाला त्यांनी सिक्रेटिन असे नाव दिले. १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा सर्व रासायनिक संदेशवाहकांसाठी ‘हॉर्मोन’ हा शब्द व्याख्यानातून रूढ केला. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ चालना देणे, उद्युक्त करणे असा आहे. मराठीतील संप्रेरक हा प्रतिशब्द त्या अर्थाच्या इतका जवळ आहे, की परिभाषा घडविणाऱ्यांना येथे दाद दिलीच पाहिजे.

नियंत्रणाची साखळी

मेंदूच्या तळाशी, कवटीतील एका खोबणीत वाटाण्याएवढी पोषग्रंथी असते. तिचे वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरते. वृद्धी संप्रेरकाबरोबरच अवटू, अधिवृक्क व जननग्रंथी यांना चालना देणारी संप्रेरके तिच्या अग्रभागातून स्रवतात, म्हणून पूर्वी तिला ग्रंथींची स्वामिनी म्हणत असत. परंतु ही स्वामिनीसुद्धा स्वतंत्र नाही. तिच्या वरच्या अंगास असलेला अधोथॅलॅमस हा मेंदूचा भाग तिला आज्ञा देतो. या आज्ञा देणारी संप्रेरके इतकी अत्यल्प असतात, की त्यांतील पहिले मिलिग्रॅमभर मिळविण्यासाठी गिलमँ आणि शॅली यांच्या प्रयोगशाळांना लाखो मेंढ्यांच्या व डुकरांच्या मेंदूंचे तुकडे गोळा करावे लागले. १९७७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना आणि रक्तातील सूक्ष्म संप्रेरके मोजण्याची किरणोत्सर्गी पद्धत सिद्ध करणाऱ्या रोझलिन यॅलो यांना विभागून देण्यात आले.

साखळीचे मर्म तिच्या उलट्या फेऱ्यात आहे. अवटू ग्रंथीचे संप्रेरक रक्तात पुरेसे झाले की ते अधोथॅलॅमस व पोषग्रंथी या दोघांनाही आवर घालते, आणि कमी पडले की हा आवर सुटतो व पोषग्रंथी अवटूला अधिक जोराने चालना देऊ लागते. यास प्रतिसंभरण म्हणतात. रक्ततपासणीच्या कागदावर टीएसएच हे जे आद्याक्षर-नाव दिसते ते या चालना देणाऱ्या संप्रेरकाचे होय. ते वाढलेले दिसले म्हणजे अवटूचे काम मंदावले आहे, हे त्यामुळेच कळते. आकडा वर आणि ग्रंथी खाली, या उलट्या नात्यामुळे अनेक सुशिक्षित रुग्णसुद्धा आपला विकार नेमका विरुद्ध समजतात. अवटूच्या संप्रेरकात किंचित घट झाली तरी टीएसएच कितीतरी पटींनी वाढते, म्हणून प्राथमिक तपासणीसाठी तेच मोजणे सोयीचे ठरते. मात्र दोष खुद्द पोषग्रंथीतच असेल तर हा आकडा फसवा ठरतो, आणि तेव्हा थायरॉक्सिन प्रत्यक्ष मोजावे लागते.

इतर ग्रंथींचा संक्षिप्त परामर्श

बाल्यावस्थेत वृद्धी संप्रेरक कमी पडल्यास शरीर खुजे राहते. ते अतिरिक्त स्रवल्यास अतिकायता येते, आणि हाडांची लांबी वाढण्याचे वय उलटल्यावर ते अतिरिक्त झाल्यास हात, पाय व जबडा यांची हाडे जाड होत जातात. पोषग्रंथीच्या पश्चभागातून मिळणारे मूत्ररोधक संप्रेरक कमी झाल्यास रुग्णास दिवसाला कित्येक लिटर मूत्र होते. या बहुमूत्रमेहाचा साखरेशी काही संबंध नाही. नावातील साम्यामुळे होणारे घोटाळे टाळण्यासाठी २०२२ मध्ये त्याच्या जुन्या इंग्रजी नावाऐवजी नवे नाव सुचविण्यात आले.

परावटू ग्रंथी अवटूच्या मागील बाजूस चिकटलेल्या असतात व बहुधा चार असतात. रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण राखणे हे त्यांचे काम होय. त्यांचा शोध प्रथम माणसात लागला नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मरण पावलेल्या एका भारतीय गेंड्याचे विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना त्या १८५० च्या सुमारास आढळल्या. माणसातील परावटूंचे वर्णन सँडस्ट्रॉम यांनी १८८० मध्ये केले.

मूत्रपिंडांवर टोपीप्रमाणे बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या बाह्यकातून कॉर्टिसॉल व अल्डोस्टेरोन, तर मध्यकातून अ‍ॅड्रिनलिन स्रवते. बाह्यक निकामी झाल्याने होणारा विकार अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये वर्णिला. भारतातील परिस्थितीत याहून अधिक आढळणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. सांधेदुखी किंवा दमा यांवर कोणी दिलेली बिननावाची पुडी महिनोन्‌महिने घेतली जाते, तिच्यात पुष्कळदा स्टेरॉईड असते, चेहरा गोल व फुगीर होतो, आणि अंगावर आले हे पाहून घरच्यांना समाधानच वाटते. बाहेरून मिळणाऱ्या स्टेरॉईडमुळे प्रतिसंभरणाच्या नियमाने रुग्णाची स्वतःची ग्रंथी निद्रिस्त होते. अशा वेळी पुडी एकाएकी बंद केल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते.

स्वादुपिंडातील लँगरहान्सच्या द्वीपकांतून इन्शुलिन स्रवते. १९२१ मध्ये टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी त्याचा अर्क मिळविला आणि १९२२ च्या जानेवारीत तो प्रथम एका मुलास टोचण्यात आला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख इतकी आहे. पुण्यातील के.ई.एम. रुग्णालयाच्या चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत १९९३ पासून गर्भवतींचा व त्यांच्या अपत्यांचा जो अभ्यास केला तो या संदर्भात मोलाचा आहे. तेथील नवजात बालके वजनाने सरासरी २.७ किलोग्रॅम, म्हणजे इंग्लंडमधील बालकांपेक्षा बरीच हलकी होती. परंतु त्यांच्या त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने घटलेली नव्हती, स्नायूच कमी होते. दिसायला कृश पण घडणीने मेदयुक्त अशा शरीराची पूर्वतयारी गर्भाशयातच होते, हे या अभ्यासाने पुढे आणले. मधुमेहाचा विषय स्वतंत्र लेखाचा असल्याने येथे इतकेच पुरे.

अवटू ग्रंथी : रचना व कार्य

श्वासनलिकेच्या पुढे, कंठमण्याच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी प्रौढांत साधारणतः १५ ते २५ ग्रॅम वजनाची असते. सूक्ष्मदर्शकाखाली ती असंख्य गोलाकार पुटकांची बनलेली दिसते. प्रत्येक पुटकाच्या भोवती पेशींचा एक थर व आत चिकट द्रव असतो. इतर अंतःस्रावी ग्रंथी आपले संप्रेरक लागेल तसे तयार करतात किंवा थोडेसे पेशीत साठवितात. अवटू मात्र ते पेशींबाहेर, या द्रवात, कित्येक आठवडे पुरेल इतके साठवून ठेवते. कोठारात धान्य भरून ठेवणाऱ्या शेतकऱ्याला पुढचा पाऊस केव्हा येईल याचा भरवसा नसतो, त्यातलाच हा प्रकार आहे. कारण तिला लागणारा कच्चा माल, म्हणजे आयोडीन, निसर्गात विषम वाटलेला आहे.

अवटूची दोन संप्रेरके आहेत. थायरॉक्सिनच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून त्यास टी-४ म्हणतात. दुसऱ्यात तीन असतात, ते टी-३. ग्रंथीतून मुख्यतः टी-४ बाहेर पडते आणि इतर ऊतींत त्यातील एक अणू वेगळा होऊन अधिक प्रभावी असे टी-३ बनते. पेशीतील ऊर्जाव्यय, हृदयाची गती, शरीराचे तापमान व आतड्यांची हालचाल यांवर त्याचा प्रभाव असतो. परंतु त्याचे सर्वांत मोलाचे काम गर्भावस्थेत व जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत होते. या काळात मेंदूतील मज्जापेशींची वाढ, त्यांचे स्थानांतर व त्यांच्या तंतूंवरील आवरण या संप्रेरकावाचून नीट होत नाही. गर्भाची स्वतःची अवटू पहिल्या तिमाहीच्या अखेरीपर्यंत कामास लागत नाही. तोवर गर्भ सर्वस्वी मातेच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असतो.

या ग्रंथीचे महत्त्व ती काढून टाकल्यावरच कळले, ही वैद्यकाच्या इतिहासातील एक कटू गोष्ट आहे. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील शल्यविशारद थिओडोर कोखर गलगंडाच्या शस्त्रक्रियेत निष्णात होते. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या आपल्या जुन्या रुग्णांना त्यांनी पुन्हा बोलावून तपासले, तेव्हा त्यांतील बहुतेकांची बुद्धी व हालचाल मंदावली असून अंगावर सूज चढल्याचे त्यांना दिसले. १८८३ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष स्वतःहून प्रसिद्ध केले आणि पुढे संपूर्ण ग्रंथी काढण्याचे टाळले. १९०९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पारितोषिकापेक्षाही, जुन्या रुग्णांना परत बोलावण्याची त्यांची बुद्धी अधिक अनुकरणीय आहे.

१८९१ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे यांनी अशाच विकाराने ग्रासलेल्या एका स्त्रीला मेंढीच्या अवटूचा अर्क टोचला. ती सुधारली व त्यानंतर सुमारे २८ वर्षे जगली. १८९५ मध्ये बाउमान यांनी ग्रंथीत आयोडीन असल्याचे दाखविले, १९१४ मध्ये केंडल यांनी थायरॉक्सिन स्फटिकरूपात वेगळे केले आणि १९२७ पर्यंत हॅरिंग्टन व बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. आज औषधाच्या दुकानात मिळणारी लेव्होथायरॉक्सिनची गोळी याच परंपरेतील होय.

आयोडीन : भूगोल व आहार

गलगंडाचे वर्णन सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात येते, यावरून हा विकार भारतात किती पुरातन आहे हे लक्षात यावे. आयोडीन हे मूलद्रव्य १८११ मध्ये कुर्त्वा यांना समुद्रशेवाळाच्या राखेत सापडले आणि १८२० मध्ये जिनिव्हा येथे क्वांदे यांनी गलगंडावर त्याचा उपयोग सुरू केला.

पर्वतप्रदेशातील मातीतले आयोडीन हिमनद्यांनी, पावसाने व पुरांनी युगानुयुगे धुऊन समुद्रात नेले आहे. समुद्रावरून त्याचा काही अंश बाष्परूपाने वर जातो व पावसाबरोबर परततो, परंतु ही परतफेड फार मंद असते. म्हणून हिमालयाच्या पायथ्याचा पट्टा व गंगा-ब्रह्मपुत्रेची पूरमैदाने येथील धान्यात, भाजीत व दुधातही आयोडीन कमी असते. मात्र हा केवळ पहाडी विकार नव्हे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या १९८९ च्या १४ जिल्ह्यांतील पाहणीत गलगंडाचे प्रमाण सरासरी २१ टक्क्यांच्या आसपास आढळले, आणि त्यांत हिमालयापासून दूर असलेले जिल्हेही होते.

प्रौढ व्यक्तीस दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. गर्भवती व स्तनदा स्त्रीस सुमारे २५० मायक्रोग्रॅम लागते. सत्तर वर्षांच्या आयुष्याचा हिशेब मांडला तर हे एकूण चार ग्रॅमही भरत नाही. चहाच्या एका चमच्यात ते सहज मावेल. परंतु हा चमचा एकदम घेऊन भागत नाही, तो रोज थोडाथोडा मिळावा लागतो, आणि अडचण नेमकी तेथे आहे. आयोडीन कमी पडले की टीएसएच वाढते, त्याच्या सततच्या चालनेने ग्रंथी आकाराने वाढते, आणि गळ्याशी गलगंड दिसू लागतो. तो दिसतो म्हणून मोजला जातो. गर्भातील मेंदूची झालेली हानी दिसत नाही. तिचे टोकाचे रूप म्हणजे जडवामनता होय. सौम्य रूप मात्र वर्गातील मंद विद्यार्थ्याच्या रूपाने आयुष्यभर अनोळखी राहते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संकलित विश्लेषणात आयोडीनन्यून समाजांतील बुद्ध्यंक इतरांपेक्षा सरासरी १३.५ गुणांनी कमी आढळला होता. दारिद्र्य व कुपोषण यांचा वाटा यातून पूर्णपणे वेगळा काढणे अवघड आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. कोबीवर्गीय भाज्या, कसावा व बाजरी यांतील काही घटक अवटूच्या कार्यात अडथळा आणतात, परंतु आहारात आयोडीन पुरेसे असल्यास त्यांची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. बाजरीची भाकरी खाणाऱ्याने भाकरी सोडण्याऐवजी घरातील मीठ तपासावे.

कांगडा खोरे ते मिठागर

मिठात आयोडीन मिसळण्याचा उपाय स्वित्झर्लंडमध्ये १९२२ पासून सुरू झाला. भारतात त्याची कसोटी हिमाचलातील कांगडा खोऱ्यात लागली. १९५६ पासून व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन विभाग पाडले. एका विभागास पोटॅशियम आयोडाइड मिसळलेले, दुसऱ्यास पोटॅशियम आयोडेट मिसळलेले व तिसऱ्यास साधे मीठ पुरविण्यात आले. सुमारे सहा वर्षांनंतरच्या तपासणीत पहिल्या दोन विभागांतील शाळकरी मुलांमध्ये गलगंडाचे प्रमाण निम्म्याहून खाली आले होते, तर साध्या मिठाच्या विभागात तशी घट नव्हती. पुढे त्या विभागासही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले व तेथेही सुधारणा झाली. उष्ण व दमट हवेत आयोडेट अधिक टिकते, म्हणून भारतात तेच वापरले जाते.

१९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, परंतु तो बाधित प्रदेशांपुरताच होता. १९८४ मध्ये देशातील सर्व खाद्यमीठ आयोडीनयुक्त करण्याचे धोरण स्वीकारण्यात आले आणि १९९२ मध्ये कार्यक्रमाचे नाव राष्ट्रीय आयोडीनन्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे झाले. नावातील हा बदल अर्थपूर्ण आहे, कारण लक्ष गळ्यावरून मेंदूकडे गेले. आयोडीनरहित मीठ मानवी सेवनासाठी विकण्यावरील केंद्रीय बंदी १९९८ मध्ये अमलात आली, २००० मध्ये उठविण्यात आली आणि २००६ च्या मे महिन्यापासून पुन्हा लागू झाली. हा नियम ज्या कायद्याखाली केला त्या कायद्याच्या कक्षेत तो बसत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला, मात्र पर्यायी व्यवस्थेसाठी मुदत दिली. त्यानंतर अन्न सुरक्षा व मानके यांविषयीच्या नियमांत ही अट समाविष्ट आहे.

या बंदीस विरोध करणाऱ्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. ज्या देशात मिठावरील करासाठी सत्याग्रह झाला त्या देशात मिठाच्या निवडीवर निर्बंध का असावा, हा एक प्रश्न होता. मुंबई, पालघर व रायगडच्या किनाऱ्यावरील लहान मिठागरवाल्याने फवारणी व वेष्टन यांचा खर्च कोठून करावा, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर असे, की गर्भातील बालकास मीठ निवडता येत नाही. दुसऱ्याचे उत्तर शासनाने अर्थसाह्य व तांत्रिक मदत या रूपाने द्यावयास हवे होते, आणि ते पुरेसे दिले गेले असे म्हणवत नाही.

किनारपट्टीवर एक समज दृढ आहे, की समुद्राच्या मिठात आयोडीन असणारच. समुद्राच्या मासळीत ते असते, मिठात जवळजवळ नसते. पाणी आटताना ते टिकत नाही आणि मुळातही ते अत्यल्पच असते. लोणच्यासाठी व मासे खारविण्यासाठी आणलेले खडे मीठच रोजच्या आमटीत पडत असेल, तर त्या घरात आयोडीनचा मुख्य स्रोत नाही. अलीकडे आरोग्याच्या नावाने सैंधव व गुलाबी मीठ यांचा जो प्रसार सुशिक्षित कुटुंबांत झाला आहे, त्यालाही हेच लागू पडते. गलगंड ही गरिबांची व पहाडातल्यांची गोष्ट असे मानणाऱ्या घरात, तेही गर्भवती असताना, जाणीवपूर्वक आयोडीनरहित मीठ विकत आणले जाते, हा विरोधाभास चिंताजनक आहे.

नियमानुसार मिठात उत्पादनाच्या ठिकाणी दशलक्ष भागांत किमान ३० व ग्राहकापर्यंत पोहोचताना किमान १५ भाग आयोडीन असावे लागते. दिवसाला दहा ग्रॅम मीठ गृहीत धरले तर १५ भागांच्या हिशेबाने बरोबर १५० मायक्रोग्रॅम मिळते. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला मात्र दिवसाला पाच ग्रॅमांहून कमी मिठाचा आहे. रक्तदाबाच्या रुग्णाने मीठ वाढवावे असा याचा अर्थ नव्हे. मीठ कमी होत जाईल तसतसे त्यातील आयोडीन वाढविणे हा मार्ग आहे. २०१८-१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पुरेसे आयोडीन असलेले मीठ वापरणारी कुटुंबे सुमारे ७६ टक्के आढळली. उरलेल्या चौथ्या हिश्श्यात काहींच्या मिठात ते अपुरे होते, काहींच्यात मुळीच नव्हते. चुलीजवळ उघड्या बरणीत ठेवलेल्या मिठातून ते उडत जाते. म्हणून झाकणाच्या कोरड्या डब्यात मीठ ठेवणे व शक्यतो अन्न शिजल्यावर घालणे इष्ट होय.

ही तपासणी महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत सहज होऊ शकते. मिठाच्या द्रावणात आम्ल व पोटॅशियम आयोडाइड घातले असता आयोडेटपासून आयोडीन मुक्त होते, आणि स्टार्च हे दर्शक वापरून सोडियम थायोसल्फेटने त्याचे अनुमापन करता येते. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातील व आठवडी बाजारातील मिठाचे नमुने आणल्यास पदवी वर्गाचे एक नेहमीचे प्रात्यक्षिक त्या परिसराची आरोग्यविषयक नोंद बनू शकते.

आयोडीन पुरेसे असताना

मिठाचा प्रश्न बराचसा सुटल्यावर अवटूचे विकार संपतील असे नाही. मुंबई व गोवा यांसह आठ शहरांतील पाच हजारांहून अधिक प्रौढांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ११ टक्के व्यक्तींची अवटू मंद असल्याचे आढळले. स्त्रियांत हे प्रमाण अधिक होते. याचे एक प्रमुख कारण हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये वर्णिलेला विकार हे असते. त्यात शरीराची प्रतिकारसंस्था स्वतःच्याच अवटूवर हल्ला करते. थकवा, वजन वाढणे, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठ, त्वचा कोरडी पडणे, केस गळणे, मासिक पाळीतील अनियमितता व विस्मरण ही लक्षणे इतकी सर्वसामान्य आहेत, की घर व नोकरी सांभाळणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत ती दगदगीच्या खाती जमा होतात. बोलीत ‘तिला थायरॉईड झाला आहे’ असे म्हटले जाते. वस्तुतः थायरॉईड प्रत्येकालाच असते. विकार मंदतेचा की अतिरेकाचा, हे त्या वाक्यातून कळत नाही, आणि पुष्कळदा रुग्णासही ते सांगितलेले नसते.

मंदतेवर लेव्होथायरॉक्सिनची गोळी रोज उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावयाची असते. तिच्यानंतर लगेच चहा वा कॉफी घेतल्यास तिचे शोषण घटते. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांत व तिच्यात चार तासांचे अंतर हवे. गर्भवतीला या तिन्ही गोळ्या एकदमच दिल्या गेल्या तर औषध सुरू असूनही टीएसएच खाली येत नाही. अतिरेकाचा प्रमुख विकार ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये वर्णिला. यात प्रतिपिंड टीएसएचचे सोंग घेऊन ग्रंथीला अविरत चालना देतात. वजन घटते, छातीत धडधडते, हात कापतात व काहींचे डोळे बाहेर येतात. कार्बिमाझोल, शस्त्रक्रिया व किरणोत्सर्गी आयोडीन हे त्यावरील उपाय आहेत. मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे विकिरण वैद्यक केंद्र १९६३ पासून या उपचारपद्धतीत कार्यरत आहे.

नवजात बालकाची तपासणी

काही बालकांत अवटू ग्रंथी जन्मतःच नसते, अर्धवट असते किंवा तिला संप्रेरक तयार करता येत नाही. मातेच्या आहारात आयोडीन पुरेसे असले तरी हे घडते. भारतात सुमारे दर हजार ते अकराशे जन्मांमागे एक बालक असे असते. मातेकडून मिळालेल्या थायरॉक्सिनमुळे जन्मतः ते बहुधा निरोगी दिसते. कावीळ लांबणे, फारसे न रडणे, दूध पिताना थकणे व शौचास न होणे ही पहिली चिन्हे होत. ‘बाळ शांत आहे’ असे कौतुकही त्यामुळे होते. लक्षणे ठळक होईपर्यंत काही महिने जातात, आणि तोवर मेंदूच्या वाढीचा जो काळ निसटतो तो नंतरच्या उपचाराने पूर्णपणे भरून येत नाही.

जन्मानंतर ४८ ते ७२ तासांनी टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब टीपकागदावर सुकवून त्यातील टीएसएच मोजले की निदानाची दिशा मिळते. त्याआधी नमुना घेतल्यास जन्माच्या वेळी सर्वच बालकांत होणाऱ्या टीएसएचच्या क्षणिक वाढीमुळे गफलत होऊ शकते. तेथे नाळेचे रक्त वापरता येते. अनेक देशांत ही तपासणी १९७० च्या दशकापासून सर्व बालकांची केली जाते. भारतात गोव्याने २००८ मध्ये शासकीय पातळीवर नवजात बालकांच्या तपासणीचा कार्यक्रम सुरू केला, परंतु अजूनही देशभर ती प्रत्येक प्रसूतिगृहात होत नाही व पालकांना ती मागून घ्यावी लागते. निदान झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांच्या आत वजनाच्या दर किलोग्रॅममागे १० ते १५ मायक्रोग्रॅम लेव्होथायरॉक्सिन सुरू करावयाचे असते. गोळी कुटून आईच्या दुधाच्या काही थेंबांत कालवून चमच्याने दिली जाते, आणि सुरुवातीस दोन आठवड्यांनी व पुढे ठरावीक अंतराने रक्त तपासून मात्रा बदलावी लागते.